दुहेरी काचेच्या खिडकीचं हँडल, बिजागरी, लॉक बदलायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खिडक्यांची दुरुस्ती हा माझा रोजचा धंदा. फोनवर लोक जे विचारतात, तेच प्रश्न इथे घेतलेत. खाली ‘पल्ला’ म्हणजे उघडणारा भाग आणि ‘चौकट’ म्हणजे भिंतीत पक्की बसलेली बाजू. बहुतेक उत्तरं यूपीव्हीसी (कडक प्लॅस्टिक) आणि ॲल्युमिनियम दोन्हींना लागू पडतात. जिथे फरक आहे तिथे तसं सांगितलंय.

काच धड आहे, पण खिडकी नीट लागत नाही. आख्खी खिडकी बदलावी लागेल का?

बहुतेक वेळा नाही. काच आणि चौकट जागची हलत नाहीत, त्यामुळे झिजतही नाहीत. झिजतं ते हलणारं सामान: हँडल, पल्ल्याच्या आतला गिअरबॉक्स (हँडल फिरवल्यावर लॉकची पट्टी सरकवणारी यंत्रणा), बिजागऱ्या, रोलर, आणि रोज दाबलं जाणारं रबर. रबर सोडलं तर हे सगळं स्क्रूवर बसलेलं असतं, म्हणजे काढता येतं. चौकटच पिळली असेल किंवा पल्ल्याच्या कोपऱ्याचा जोड उकलला असेल, तर मात्र सामान बदलून उपयोग नाही.

हँडल तुटलं. नवीन बसवलं की झालं ना?

इथेच सगळे फसतात. मीही फसलोय. एका घरी एकाच खिडकीचं हँडल मी वर्षभरात दोनदा बदललं. दोन्ही वेळा ते मानेपाशी तुटलेलं. घरातल्या मावशी म्हणायच्या, “मी जोर लावत नाही हो, पण ती लागतच नाही.” तिसऱ्यांदा गेलो तेव्हा हँडलला हात न लावता पल्ला अर्धा उघडला आणि हँडलच्या बाजूने धरून वर उचलून पाहिला. चांगला चार-पाच मिलिमीटर वर आला. बिजागरी गेली होती आणि मी हँडलं बदलत बसलो होतो.

त्याचं असं होतं. बिजागरी ढिली झाली की पल्ला हँडलच्या बाजूने खाली बसतो. मग लॉकच्या पट्टीवरची गोल बोंडं चौकटीवरच्या खाचेत सरळ न शिरता तिच्या कडेला आपटतात. आपण जोर लावतो. तो जोर हँडलमागच्या चौकोनी दांडीतून गिअरबॉक्सवर जातो आणि हँडलच्या मानेवरही येतो. बरीचशी हँडलं जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव असतात. ती वाकत नाहीत, एक दिवस थेट तुटतात. म्हणून तपासणी उलट्या क्रमाने करायची: आधी बिजागरी, मग लॉक, आणि हँडल शेवटी.

दोष नेमका कुठे आहे हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

पल्ला उघडा ठेवा आणि हँडल बंद करायच्या दिशेने फिरवा. (टिल्ट अँड टर्न, म्हणजे बाजूने उघडणाऱ्या आणि वरून आत कलणाऱ्याही खिडकीवर हा प्रयोग करू नका, तिच्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय.)

उघड्या पल्ल्यावर हँडल लोण्यासारखं फिरतं आणि बंद करतानाच अडतं, तर लॉक चांगलं आहे. पल्ला जागेवरून हललाय, म्हणजे बिजागरी बघा. उघड्या पल्ल्यावरही जड जात असेल किंवा कटकट आवाज येत असेल, तर गिअरबॉक्स. हँडल गोल गोल फिरतं पण कडेची पट्टी जागची हलत नाही, तर हँडल काढून दांडी बघा. दांडीच्या कडा गोल झाल्या असतील तर दोष हँडलचा, दांडी धारदार चौकोनी असेल तर गिअरबॉक्सच्या आतला तुकडा फुटलाय. हँडल नुसतं खुळखुळत असेल तर मात्र खुशाल आनंद माना, बऱ्याचदा दोन स्क्रू आवळले की काम होतं. ते स्क्रू हँडलच्या बुडाशी असलेल्या छोट्या झाकणाखाली असतात. झाकण कधी सरकतं, कधी हँडल आडवं केल्यावर फिरतं.

नवं हँडल घेताना काय काय मोजायचं?

जुनं काढा, टेबलावर ठेवा, मग मोजा. खिडकीवर असताना घेतलेलं माप हमखास चुकतं.

मागून चौकोनी दांडी निघत असेल तर तीन मापं लागतात. एक, दांडीची जाडी. ती बहुतेक ७ मिमी असते. दोन, दांडीची लांबी, हँडलच्या पाठीच्या सपाटीपासून टोकापर्यंत. हीच सर्वांत जास्त चुकते. दांडी लांब झाली तर हँडल पल्ल्याला टेकत नाही. आखूड झाली तर गिअरबॉक्सला जेमतेम दोन-तीन मिलिमीटर पकड मिळते आणि काही महिन्यांत दांडीचे कोपरे गोल होतात. शंका असेल तर लांब घ्या: लोखंड कापायच्या करवतीने कापता येते, टोक कानशीने घासलं की झालं. तीन, दोन स्क्रूंच्या मध्यबिंदूंमधलं अंतर. ते पुष्कळदा ४३ मिमी असतं, पण ‘पुष्कळदा’ म्हणजे ‘नेहमी’ नव्हे.

दांडी नाही आणि हँडललाच पुढे चोच आहे, जी चौकटीवरच्या पाचरीवर चढते, असं असेल तर त्या चोचीची उंची मोजा: पल्ल्याला टेकणाऱ्या सपाटीपासून चोचीच्या खालच्या बाजूपर्यंत. ९, १३, १७, २१ मिमी अशी मापं मिळतात. एक-दोन मिलिमीटर चुकलं तरी खिडकी एकतर लागणार नाही, नाहीतर वाऱ्यात खडखडेल. चौकटीवरची पाचर झिजली असेल तर तीही बदला, ती हँडलच्या मानाने किरकोळ वस्तू आहे.

डावं-उजवं विसरू नका. सरळ हँडल दोन्हीकडे चालतं, वाकडं चालत नाही. आणि एका खोलीत चार खिडक्या असतील तर चारही हँडलं एका किल्लीची घ्या. रोज किल्ल्या शोधण्याचा वैताग वाचतो.

गिअरबॉक्ससाठी वेगळी मापं लागतात का?

हो. कडेच्या पट्टीच्या दर्शनी भागापासून दांडीच्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. २०, २२ आणि २५ मिमी ही नेहमीची मापं. २० च्या जागी २२ बसवू म्हणाल तर हँडलचे स्क्रू भोकांवर येणार नाहीत. त्याशिवाय पट्टीची पूर्ण लांबी, बोंडांची उंची, आणि बोंडं एका टोकापासून किती अंतरावर आहेत, हेही टिपून घ्या. नव्या पट्टीची बोंडं वेगळ्या जागी येत असतील तर चौकटीवरच्या खाचाही हलवाव्या लागतात. काम होतं, पण दुप्पट वेळ खातं.

बिजागरी गेली हे कशावरून कळतं?

दुहेरी काचेच्या बाहेर उघडणाऱ्या खिडक्यांना दारासारखी बिजागरी क्वचितच असते. पल्ला आणि चौकट यांच्या मधल्या फटीत पट्ट्यांची एक जोडणी बसलेली असते, तिला फ्रिक्शन स्टे म्हणतात. पट्ट्या, रिव्हेट आणि एका पन्हाळीत सरकणारा छोटा ठोकळा, एवढंच तिचं अंग. पल्ला उघडून जिथे सोडाल तिथे थांबतो तो या ठोकळ्याच्या घर्षणामुळे.

पल्ला वाऱ्याने आपोआप उघडझाप करायला लागला, तर ठोकळा झिजलाय. त्यात पितळी स्क्रू असेल तर पाव फेरा आवळून बघा, कधीकधी त्यानेच वर्ष-दोन वर्षं निघतात. पन्हाळीत काळपट भुकटी साठलेली दिसली तर धातू धातूवर घासतोय. रिव्हेटपाशी पट्टी बोटाने हलवली आणि ती वरखाली डुलली, तर आवळण्यासारखं काही उरलेलं नाही. बंद खिडकीच्या चारी बाजूंची फट बघा: बिजागरीच्या बाजूला वर रुंद आणि खाली अरुंद होत गेली असेल तर पल्ला लटकलाय.

बिजागरीचं माप कसं घ्यायचं?

लांबी म्हणजे चौकटीवर बसणाऱ्या पन्हाळीची लांबी. ती इंचांत सांगतात: ८, १०, १२, १६, २०, २४. दुसरं माप जाडीचं, आणि ते लोक विसरतात. बिजागरी मिटलेली असताना तिची एकूण जाडी साधारण १३ किंवा १७ मिमी असते. १३ च्या जागी १७ ची घातली तर पल्ला फटीत मावत नाही. उलट केलं तर ढिला राहतो. तिसरी गोष्ट, पल्ला बाजूने उघडतो की वरून लटकतो. दोन्हींच्या बिजागऱ्या दिसायला सारख्या, पण पट्ट्यांची रचना वेगळी, आणि त्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत.

मग वजन. काचेचं वजन काढायचा हिशोब सोपा आहे: दर चौरस मीटरला, दर मिलिमीटर जाडीला २.५ किलो. ४ मिमीच्या दोन काचा म्हणजे चौरस मीटरला २० किलो. ६०० बाय १२०० मिमीचा पल्ला ०.७२ चौरस मीटर भरतो, म्हणजे १४.४ किलो नुसती काच. त्याच पल्ल्यात ६ मिमीच्या दोन काचा असतील तर २१.६ किलो. वर पल्ल्याची फ्रेम आणि तिच्या आतली लोखंडी सळई वेगळी. बिजागरीवर कमाल वजन दिलेलं असतं. तुमचा आकडा त्याच्या काठावर येत असेल तर एक पायरी वरची घ्या, पण तिची पन्हाळ चौकटीत मावते का ते आधी बघा.

एकच बिजागरी खराब दिसली तरी जोडी बदला. एक नवी आणि एक थकलेली असली की सगळा भार नवीवर येतो.

बिजागऱ्या मी स्वतः बदलू शकतो का?

तळमजला, बाजूने उघडणारा लहान पल्ला आणि मदतीला एक माणूस, असं असेल तर हो. वरच्या मजल्यावर नको. वीस किलोचा पल्ला खिडकीबाहेर धरून एका हाताने स्क्रू काढणं ही हौसेची गोष्ट नाही. वरून लटकणारा पल्लाही नको, तो सुटला की सरळ बाहेरच जातो.

करायचं असेल तर आधी जुन्या पन्हाळीच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करा. पल्ला पूर्ण उघडा, दुसऱ्याला घट्ट धरायला सांगा, पल्ल्याच्या बाजूचे स्क्रू काढा आणि पल्ला आत घेऊन भिंतीला टेकवा. जमिनीवर आधी सतरंजी किंवा पुठ्ठा घाला: काचेचा पृष्ठभाग दणकट असतो, पण कडेला फरशीचा एक ठोका बसला तरी तडा जातो. मग चौकटीवरच्या पन्हाळी काढा, खाली साचलेली माती साफ करा, नव्या पन्हाळी खुणेवर बसवा, पल्ला परत लावा. प्रत्येक पट्टीला आधी एकेकच स्क्रू लावून हळूच बंद करून बघा. फट सारखी आली की उरलेले मारा. शेवटचे दोन फेरे हाताने आवळा. ड्रिलच्या जोरात प्लॅस्टिकमधले आटे जातात.

स्क्रू नुसताच फिरत राहतो, पकडत नाही.

आटे गेलेत. लाकडी खिडकीत काडेपेटीची काडी कोंबून भागतं, यूपीव्हीसीत नाही, कारण आत पोकळ कप्पे आहेत आणि काडी त्यात पडून जाते. ४.३ मिमीचा स्क्रू असेल तर त्याच लांबीचा ४.८ चा मारून बघा. बहुतेक बिजागऱ्यांना दोन-तीन जास्तीची भोकं असतात, त्यातलं न वापरलेलं भोक त्याहून बरं. आत लोखंडी सळई असेल तर टोकाला ड्रिल असलेला स्क्रू घ्या, तो सळईत पकडतो. ॲल्युमिनियममध्ये रिव्हेट नट, म्हणजे भोकात दाबून पक्का बसणारा आट्यांचा नट, बसवणं हा खरा उपाय.

लांब स्क्रू मारायचा मोह मात्र आवरा. पल्ल्याच्या कडेतून गेलेला लांब स्क्रू थेट काचेच्या काठाला भिडू शकतो. टफन्ड काच असेल तर अख्खी काच चुरा होऊन खाली येते.

आणि स्टेनलेसच्या बिजागरीला साधे लोखंडी स्क्रू लावू नका. बिजागरी चकचकीत राहते, स्क्रूची डोकी गंजून उडतात, आणि पल्ला कशाच्या भरवशावर लटकतोय ते कळतही नाही.

बिजागऱ्या नव्या टाकल्या, तरी पल्ला कोपऱ्यात घासतोय.

मग काचेच्या पॅकिंगकडे वळा. पल्ल्याची फ्रेम एकटी स्वतःचा आकार धरून ठेवू शकत नाही, तिला ताठ ठेवते ती काच. काचेखाली बिजागरीच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात एक पॅकर (प्लॅस्टिकची चपटी पट्टी) हवा आणि त्याच्या तिरप्या समोर, हँडलच्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यात दुसरा. सगळं वजन या तिरक्या रेषेतून बिजागरीच्या बुडाशी उतरतं. पॅकर सरकले किंवा मुळात घातलेच नसतील, तर पल्ल्याचा चौकोन हळूहळू कलतो आणि त्याला कोणतीही बिजागरी सरळ करू शकत नाही.

यासाठी काचेभोवतीच्या पट्ट्या, म्हणजे बीड, काढाव्या लागतात. सर्वांत लांब बीड आधी, मध्यापासून, बोथट पट्टीने. परत लावताना आखूड आधी. हे नाजूक काम आहे, काच सुटी होते. हात बसलेला नसेल तर करू नका.

खिडकी बंद अवस्थेतच अडकलीय. हँडल फिरतं पण उघडत नाही.

गिअरबॉक्स आतून फुटलाय आणि बोंडं खाचेत राहिलीत. हँडल काढा, दांडी पकडीने धरा आणि फिरवत असताना दुसऱ्या माणसाला पल्ला बाहेरून किंवा आतून दाबून धरायला सांगा. दाब कमी-जास्त केला की तुटक्या दात्यांनाही कधीकधी क्षणभर पकड मिळते. एकदा उघडली की गिअरबॉक्स बदलल्याशिवाय पुन्हा बंद करू नका. ‘बघू, आज तरी लागतेय का’ म्हणून लावून बघणारे मी खूप पाहिलेत. दुसऱ्या वेळेला ती पकड मिळत नाही, आणि मग काच काढून आतून पट्टी सरकवावी लागते.

टिल्ट अँड टर्न खिडकी वरूनही सुटली, बाजूनेही सुटली. एका कोपऱ्यावर लटकतेय!

घाबरू नका, ती सहसा खाली पडत नाही. पल्ला अर्धवट उघडा असताना हँडल तिसऱ्या, म्हणजे टिल्टच्या (वरून कलण्याच्या) स्थितीत गेलं की असं होतं. पल्ला वरच्या सुटलेल्या कोपऱ्यासकट चौकटीला सपाट टेकवून धरा. पल्ल्याच्या कडेला एक छोटी खिट्टी असते, जी उघड्या पल्ल्यावर हँडल चुकीचं फिरू देत नाही. ती दाबून हँडल पूर्ण टिल्टच्या स्थितीत न्या, पल्ला दाबून बंद करा आणि मग हँडल बंदच्या स्थितीत आणा. पुन्हापुन्हा होत असेल तर ती खिट्टी झिजलीय. या खिडक्यांची बिजागरी बहुधा ४ मिमीच्या ॲलन कीने वरखाली आणि आडवी करता येते, तेव्हा पल्ला घासतोय म्हणून लगेच नवीन सामान मागवू नका.

सरकत्या खिडकीचं काय?

तिथे बिजागरीची जागा रोलर घेतात. पल्ला जड सरकतो तेव्हा दहा वेळांपैकी निम्म्या वेळा दोष रोलरचा नसून ट्रॅकमधल्या वाळूचा असतो. ब्रशने आणि ओल्या फडक्याने ट्रॅक साफ करा, मग मत बनवा. रोलर बदलायचे तर पल्ला वर उचलून आत काढावा लागतो. पल्ल्याच्या डोक्यावर उचलण्याला अडवणारा ठोकळा असेल तर तो आधी काढा आणि नंतर आठवणीने परत लावा. चोर बाहेरून पल्ला उचलू शकत नाही तो त्याच ठोकळ्यामुळे.

उन्हाळ्यात खिडकी घासते, थंडीत नीट लागते. काय बदलू?

बहुधा काहीच नाही. यूपीव्हीसी तापमानाच्या दर अंशाला, दर मीटरला साधारण ०.०७ मिमी वाढतं. दीड मीटरचा पल्ला ३० अंशांनी तापला तर तो तीन मिलिमीटरहून थोडा जास्त लांबतो. गडद रंगाचा असेल तर ऊन जास्त पितो. म्हणून सेटिंग भर दुपारी करू नका, सकाळी करा. भर उन्हात जुळवलेली खिडकी थंडीत शिट्टी वाजवते.

तेल कुठलं घालू?

लॉकच्या पट्टीला आणि बोंडांना हलकं मशीन ऑइल, थेंबभर. रबराला सिलिकॉन स्प्रे. खनिज तेल ईपीडीएम रबराला लागलं की ते फुगतं. फ्रिक्शन स्टेच्या सरकत्या ठोकळ्याला काहीही नाही, तो घर्षणावरच जगतो. खोबरेल तेल घालणाऱ्यांना हात जोडून विनंती: त्यावर धूळ बसून जो लगदा होतो, तो खरवडून काढायला मला पाऊण तास लागतो.

दोन काचांच्या मधे वाफ धरते. बिजागरी बदलून जाईल?

नाही. ते काचेच्या कडेचं सील गेल्याचं लक्षण. चौकट तशीच ठेवून फक्त काचेचा संच बदलतात.

समुद्राजवळच्या घरासाठी कुठलं सामान?

स्टेनलेस म्हणजे एकच धातू नव्हे. ४३० ग्रेड लोहचुंबकाला चिकटतो आणि खाऱ्या हवेत लवकर डागाळतो. ३०४ त्याहून चांगला, आणि ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असल्यामुळे मिठाने पडणाऱ्या बारीक खड्ड्यांना तो जास्त दाद देत नाही. पाकिटावर ईएन १६७० (गंजरोधकतेचं युरोपीय मानक) असं लिहिलं असेल तर पुढचा ग्रेड वाचा: ३ म्हणजे मिठाच्या फवाऱ्यात ९६ तास, ४ म्हणजे २४०, ५ म्हणजे ४८०. समुद्रकाठी ४ च्या खालचं घेऊ नये असं माझं मत. तरीही दर दोन-तीन महिन्यांनी साध्या पाण्याने पुसावंच लागतं.

लहान मूल आहे. खिडकी कमी उघडावी असं काही करता येईल?

रिस्ट्रिक्टर बसवा. पल्ला १०० मिमीपेक्षा जास्त उघडू न देणारा घ्या आणि मोठ्यांना तो दोन हातांनी किंवा किल्लीने सोडवता यायला हवा. आग लागली तर तीच खिडकी बाहेर पडायची वाट असू शकते, म्हणून किल्ली तिथेच भिंतीवर, मुलाचा हात पोचणार नाही अशा उंचीला टांगलेली असू दे.

जुनं सामान फेकून देऊ?

नवीन बसून आठवडा झाल्याशिवाय नाही. पट्टीवर किंवा हँडलच्या पाठीला कोरलेली अक्षरं-आकडे असतात, त्यांचा फोटो काढून ठेवा. तोच भाग बंद झाला असेल तर जुळणारा शोधताना त्याच खुणा लागतात. बिजागरी बदलली असेल तर जुन्यातली एक, स्क्रूंसकट पिशवीत घालून, कुठल्या खिडकीची ते पिशवीवर लिहून खणात टाका.